सासूबाईंनी न आणलेलं चूर्ण

सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातल्या ऑफिसात माझं काम एवढंच होतं, की जहाजावर माल चढण्याआधी त्याचे तपासणीचे दाखले बघायचे. शिक्का पुसट दिसला तरी मी कागद परत धाडायचो. आणि हाच मी, पुण्याच्या एका वैद्यांचं पोटाचं चूर्ण बिनलेबलाच्या डब्यातून वर्षभर खात होतो. झोप झकास लागायची.

एका शुक्रवारी जेवणानंतर मी एका सहकाऱ्याला आग्रहानं चमचाभर दिलं. दुपारी तो उगाचच हसायला लागला, मग घाबरला आणि यात भांग तर नाही ना, असं विचारू लागला. मी त्याला वेड्यात काढलं आणि खात्रीसाठी वैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, असणारच, त्याशिवाय गुण कसा येईल. किती घालता विचारलं, तर म्हणाले, हाताला कळतं.

सिंगापुरात भांग म्हणजे सरळ तुरुंग. आणि माझ्याच सांगण्यावरून चूर्णाचे दोन डबे घेऊन सासूबाई त्या वेळी विमानात होत्या.

आधी मी स्वतःला वाचवलं. टॅक्सीनं पासिर रिसला घरी जाऊन उरलेलं चूर्ण संडासात ओतलं, तीनदा फ्लश केलं. मग विमानतळ गाठला. डबे माझे आहेत, हे पोलिसांना कसं सांगायचं ते मनात जुळवत उभा राहिलो. दर वेळी दुसऱ्या वाक्यातच मी त्यातून निसटत होतो.

सासूबाई ट्रॉली ढकलत सुखरूप बाहेर आल्या. डबे आणलेच नव्हते. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेलेला. वैद्य घटक सांगेनात, म्हणून त्यांनी चिमूटभर चूर्ण जुन्या ऑफिसात तपासायला दिलं होतं. रिपोर्ट त्या पुण्याहून निघाल्या त्याच दिवशी सकाळी हातात पडला होता.

भांग निघाली ना, असं मीच हळूच विचारलं. घरातलंही ओतून टाकलंय, आता काळजी नाही, हेही वर सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "भांग उतरते हो, जावईबापू. त्यात शिसं निघालंय, बरंच. ते अंगात साठतं. उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या."

इतका वेळ मी फक्त पकडले जाण्याला घाबरत होतो.

त्यांनी रिपोर्ट पर्समध्ये ठेवला. "लेकीला मी सांगते. तुमच्याच्यानं व्हायचं नाही ते."

मला हायसं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.