तानूआक्काची मांडी

तानूआक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी जमिनीकडे बघायची. तांब्या, पाट, अडकित्ता, जे आसपास असेल ते लांब सारायची आणि मग भिंतीला टेकून बसायची. मी रहिमतपूरला नवी नवी नांदायला आले होते. मला वाटे, काय ही बाई, दुसऱ्याच्या घरात आवराआवर करते! एकदा विचारलंच. म्हणाली, "पडलेच तर कुटं, ह्ये आदी बघून ठेवावं, बाई."

तिला फेफरं येई. ती शेजारच्या घरची थोरली सून. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला पुढच्या सोप्यातल्या खोलीत ठेवली. चुलीपाशी जायचं नाही, आडावर जायचं नाही. दिवसभर वाकळा शिवायची. तिच्यासारखा टाका आळीत कुणाला जमत नसे. माझा टाका बघून तर ती पोट धरधरून हसायची.

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना आक्का आमच्याच ओसरीवर पडली. "चप्पल हुंगव!" सासूबाई ओरडल्या, आणि मी हुंगवली. आक्काने डोळे उघडले ते थेट माझ्या हातातल्या चपलेवर. पदर सावरून उठून गेली.

मग पाच दिवस तिने दार उघडलं नाही. जेवण नाही, सुई नाही. मी लाजेने अर्धमेली झाले. शेवटी मुलीला उराशी धरून गेले आणि बाहेरूनच विचारलं, "आक्का, कसं वाटतंय तुमास्नी?"

आतून आवाज आला. "जतला, म्हायारी, देवी आली म्हनून पाया पडायची लोकं. हितं चप्पल. पन कसं वाटतंय, ह्ये कुनी इचारलं न्हाई. फेफरं घडीभराचं गं. मागनं मन खाली बसतं, त्ये उठत न्हाई. जीव नको वाटतो."

दार उघडलं. मी मुलगी पुढे केली. आक्का मागे सरली. तिच्या हातात आजवर कुणी मूल दिलं नव्हतं.

"पडले तर?"

मी तिच्यासारखीच जमीन न्याहाळली. कात्री, सुया लांब सारल्या, भिंतीशी वाकळ अंथरली. "बसा. मी हितंच हाय."

ती बसली. मी मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. "काय झालं तर आदी हिला उचल. मला मागनं."

फेफरं पुढेही येत राहिलं, ते दार लावायचे दिवसही. पण दार आता मी आणि मुलगी, दोघी वाजवत असू. आक्का वारली त्या वर्षी मुलगी शाळेत जाऊ लागली होती. तोवर आक्का पडली की ती धावत जाई, आक्काचं डोकं आपल्या एवढ्याशा मांडीवर घेई, आणि डोळे उघडले की विचारी, "आक्का, आता कसं वाटतंय?"