गोंडाणे मास्तरांची मायची कविता

आमच्या महाल भागातल्या शाळेत आनंदराव गोंडाणे मराठी शिकवायचे आणि मी चित्रकला. माणूस मूळचा भिवापूरचा. हाडाचा कवी, पण शाळेनं त्याचा पार हमाल करून टाकला. पाहुणा कोणताही येवो, नगरसेवक म्हणा की कंत्राटदार, स्वागतगीत मास्तरांनीच लिहायचं. चाल तीच, नाव तेवढं नवं. चौसष्ट सालापासून हाच रतीब! मी चिडायचो, "मास्तर, काहून लिहिता?" ते चष्मा पुसत म्हणायचे, "नाही म्हणायले बी ताकद लागते गा."

स्वतःची म्हणावी अशी कविता एकच, असं ते मानायचे. मायवरची, वऱ्हाडीतली. ती बाई दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायची. बोटांची आग काही जायची नाही, म्हणून पोराच्या गालाला तिनं कधी हात लावला नाही. ही कविता एकदा तरी स्टेजवरून म्हणायची, एवढीच मास्तरांची हौस. पण हेडमास्तर दत्तोपंत पडले शुद्ध भाषेचे ठेकेदार. "गावठी बोली शाळेत नको," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

ब्याऐंशी साली मास्तर रिटायर झाले. निरोप समारंभात दत्तोपंतांना कुठून दया आली कोण जाणे, म्हणाले, "म्हणा तुमची ती कविता." मास्तर उठले. त्यांच्या बायको, शामलावहिनी, पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या.

"माय दुरूनच पाहे मले, जवळ काही घेये ना..."

आणि हॉल हसला! आमच्याकडं स्टेजवरची वऱ्हाडी म्हणजे विनोदी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'मले' ऐकलं की लोक हसायला मोकळे. मिरचीच्या ओळीला तर पाहुण्यांनी मांडीवर थापा मारल्या. माझं डोकंच फिरलं. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. कविता संपली तर मागून आरोळी, "वन्स मोअर!"

मला वाटलं, आता मास्तर कागद फाडून खाली उतरतील. ते उभेच राहिले. घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटली, अगदी हळू. लोक पुन्हा हसले.

बाहेर सायकल काढताना मी भडकलोच. "लाज कशी वाटत नाही यांना! आणि तुम्ही पुन्हा कशाला म्हटली?"

"माय मेली तवा खांदा द्याले चार माणसं भेटले नोते गा," मास्तर म्हणाले. "आज हॉल भरून लोकं तिचं आयकून राहिले होते. हसले त हसले."

मग वहिनींकडं वळले. "चाल वं शामला, थकलो आता."