बोटभर फट

माझ्या सासऱ्यांना कुणी देवमाणूस म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घड्याळजी म्हणून त्यांच्या हाताला तोड नाही, पण जिभेलाही हाड नाही.

दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी घड्याळं घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर बस्तान मांडलं. मी भाजी चिरायला बसले की म्हणायचे, "सुरी बोथट आहे. घरात सगळंच बोथट." त्यामुळे परसातल्या लाकडी शेडमध्ये काम करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. अडचण एकच होती. थंडीत शेड गारठायची, आणि गारठलेल्या बोटांनी घड्याळाचा स्क्रू उचलता येत नाही. शेड उबदार झाली नाही, तर म्हातारा पुन्हा माझ्या टेबलावर. म्हणून मी कंबर कसली.

शेडच्या फळ्यांना आतून ग्लासवूल, म्हणजे ऊब धरून ठेवणारा काचतंतूंचा कापूस, लावायचं आणि त्यावर प्लायवूड ठोकायचं, असा बेत होता.

"फळ्या आणि ग्लासवूलमध्ये बोटभर फट ठेवा, बाबा," मी म्हणाले. "ओल बाहेर जायला वाट हवी. आपलं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलं, तर मागे बुरशी आलीच ना?"

"जन्म गेला माझा घड्याळं उघडण्यात. फट म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे सत्यानाश. तू आपलं स्वयंपाकघर बघ."

नवऱ्याने पेपर आणखी वर धरला. आमचं वाजलं की तो ठार बहिरा होतो.

सासऱ्यांनी ग्लासवूल फळ्यांना चिकटवून गच्च भरलं. छपराखालची हवेची भोकं लांबी भरून बुजवली, दाराला रबराची पट्टी लावली. घड्याळाचं झाकण बसवावं तशी शेड बंद झाली. आत हीटर आणि चहाची किटली. मी टेबल घासूनपुसून घेतलं आणि भाजी चिरताना चक्क गाणी म्हटली.

मग त्यांच्या स्वेटरला कुबट वास यायला लागला. विचारलं तर माझ्यावरच खेकसले. एका सकाळी मी डबा द्यायला शेडमध्ये गेले. प्लायवूड खालून काळं पडलं होतं आणि त्याला घाम फुटला होता. सासरे एका बशीकडे बघत बसले होते. बशीतल्या बारीक पोलादी चाकांवर तांबूस गंज चढला होता.

"माझ्या हातातलं काम कधी गंजलं नव्हतं," ते म्हणाले. मला नव्हे, बशीला.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"मग काय, टेबलावर येताय?"

"मरेन, पण तुझ्या टेबलावर येणार नाही."

"इथे मरायलाही जागा नाही. उठा."

मी कटावणी आणून प्लायवूड उचकटलं. मागचं ग्लासवूल पिळून काढण्याइतकं ओलं होतं. छपराखालची भोकं मोकळी केली, नवं ग्लासवूल आणलं, ते फळ्यांपासून दूर धरायला पट्ट्या ठोकायला घेतल्या. सासरे शिव्या पुटपुटत एकेक खिळा हातात देत होते. पहिली पट्टी बसल्यावर माप बघायला त्यांनी फटीत बोट घातलं. ते सांध्यात वाकलेलं होतं, आत जाईना. त्यांनी दुसऱ्या हाताने सरळ करून पाहिलं, मग मागे घेतलं.

"तुझं घाल," ते म्हणाले.

मी घातलं. बरोबर बसलं.

"बरोबर होतं तुझं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पण खिळा वाकडा ठोकलास."

मी तो तसाच ठेवला.