प्रार्थना करून कळवतो

आमच्या ख्रिस्ती मंडळींत मुलीला स्थळ सांगून आलं की तोंडावर हो-नाही म्हणायची रीत नव्हती. "प्रार्थना करून कळवतो" म्हणायचं आणि चहाचा दुसरा कप पुढे करायचा. आठवड्यात निरोप गेला तर होकार. महिना उलटला तर नकार देवाच्या नावावर घालून दोन्ही घरं मोकळी. देवाला बिचाऱ्याला आमच्यापायी किती स्थळं मोडावी लागली, ते त्यालाच ठाऊक.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं. बाबा राहुरीकडच्या एका गावात चर्चचे पाळक होते, मी तिथल्याच मिशनच्या शाळेत बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातल्या, पोरांना शिकवत होते. नवं पीक देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाला नगरहून ख्रिस्ती कीर्तनाचा ताफा आला. त्यात सुतारशाळेतले एक मास्तर तबल्यावर होते. दिसायला बेताचे, कान मात्र कढईच्या कड्यांसारखे. कीर्तनकारांचा सूर चढत चढत कुठच्या कुठे गेला, तेव्हा हे गृहस्थ गालातल्या गालात हसले, पण ठेका सोडला नाही. मी तिथेच खलास झाले.

पुढे त्यांचे मामा आमच्याकडे स्थळ घेऊन आले. बाबा म्हणाले, प्रार्थना करून कळवतो.

माझ्या देवाने तर मी डोळे मिटायच्या आतच होकार दिला होता. ती शुभवार्ता मी चुलीपाशी आईला सांगितली. आई पाथर्डीकडची. पिठलं हाटता हाटता म्हणाली, "येवढ्या लवकर तार बी येत न्हाई, बाई."

बाबांना मात्र उत्तर येईना. एक आठवडा गेला, दोन गेले, तिसरा लागला. मी त्यांच्याकडे अशी बघायची, जणू पोस्टातून पत्र सोडवून आणायचं त्यांचंच राहिलंय. अखेर त्यांनी फर्मान काढलं. आजवर आपण देवाला नुसतं सांगत आलो, आता ऐकायचं. रोज पहाटे तिघांनी ओट्यावर गप्प बसायचं आणि शेवटी ज्याला जे ऐकू आलं ते बोलायचं.

पहिले काही दिवस मी डोळे मिटून देवाला नगरचा पत्ता समजावून दिला. मास्तरांच्या कानांचं मी मनावर घेत नाही, हेही कळवलं. मग धीर सुटला आणि एके दिवशी जड आवाजात जाहीर केलं, "मला शब्द आला. ऊठ आणि नगरला जा."

बाबांनी विचारलं, शास्त्रात कुठे आहे हे? मी म्हटलं, शास्त्रात नाही, थेट मलाच सांगितलं. आईला पदरात तोंड खुपसून खोकल्याची उबळ आली. तिला स्वतःला त्या दिवशी शेळी सुटल्याचं ऐकू आलं होतं. जाऊन पाहिलं तर शेळी खरंच सुटलेली. त्या आठवड्यात आमच्या घरात खरा ठरलेला साक्षात्कार तेवढाच.

एका पहाटे माझ्याजवळचं बोलणंच संपलं. सगळं दहादा सांगून झालं होतं. नाइलाजाने गप्प बसले, तर शेजारी बाबांची पुटपुट ऐकू आली. मी आदल्या संध्याकाळी वाचून दाखवलेला रविवारचा शास्त्रपाठ, बायबलातला उतारा, ते म्हणत होते. एका ओळीला अडले, मागे आले, पुन्हा अडले. बिगारीतलं पोर पाढे घोकतं तसं.

रोज संध्याकाळी ते माझ्याकडून पाठ वाचून घेत. मला वाटायचं, हे माझ्या आत्म्याच्या भल्यासाठी चाललंय, आणि मी जांभया देत उपकार केल्यासारखी वाचायची. रविवारी व्यासपीठावर ते पुस्तक उघडत, योग्य जागी पान उलटत. पण ते सगळं पाठ केलेलं; त्यांना त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. न वाचता येणारा पाळक मिशन किती दिवस ठेवणार? मी नगरला गेले तर त्यांना वाचून कोण दाखवणार? देवाचं उत्तर कुठे अडलंय ते मला कळलं.

मी पुन्हा डोळे मिटले. काय करू, असं विचारलं, आणि पहिल्यांदाच उत्तर आधीपासून तयार नव्हतं. एकच शब्द आला. थांब. मला तो मुळीच आवडला नाही. चुकून शेजारच्या घरासाठी आला असेल म्हणून मी पुन्हा विचारलं. तेच. तो आवाज कुणाचा, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो शब्द माझ्या पदरचा नव्हता. मी स्वतःला असलं काही कधीच सांगितलं नसतं.

बाबांनी विचारल्यावर म्हटलं, "थांब म्हणतोय."

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून एकच ऐकू येतंय. तिला जाऊ दे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "दोघांनाबी नको तेच ऐकू आलं. मंग ते त्याचंच असंल. पोरीनं उन्हाळ्यापत्तुर थांबावं, मंग जावं. आन वाचायचं म्हनाल, तर मी हाय की. ताटातली भाकर चाचपता तुमी, मला काय कळत न्हाई व्हय?"

आई मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. बाबांनी तिला कधी वाचायला सांगितलं नव्हतं, कारण तिचे उच्चार. ते आत्ताही बोलून दाखवायची त्यांची छाती झाली नाही. मास्तरांच्या मामांना त्याच दिवशी होकाराचा निरोप गेला.

रविवारी बाबांनी आपल्या डोळ्यांचं मंडळीला सरळ सांगून टाकलं. पुढच्या बाकावरचे वडीलजन एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांतले सगळ्यात म्हातारे म्हणाले, पाठ कोण वाचतंय ते बघा, उशीर होतोय.

आई पुढे गेली. पदर सारखा करून तिने ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. प्रत्येक 'नाही'चं 'न्हाई' होत होतं. तिसऱ्या वेळी बाबांना राहवलं नाही. हळूच म्हणाले, "नाही."

आईने बोट जागचं न हलवता वर पाहिलं. "तुमी वाचता का?"

सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय मनोभावे प्रार्थना चाललीय.