एक जास्तीचा हंस

दुर्गाबाई कावाई लग्नाआधी पुण्यात जपानी शिकवायच्या. तिथेच त्यांना केन भेटला, आणि त्याच्या मागोमाग त्या नागानोच्या डोंगरातल्या एका लहानशा तळ्याकाठी येऊन राहिल्या. बाई हट्टी. दर वर्षी खिडकीत मिरच्या लावायच्या, दर वर्षी थंडीनं त्या मरायच्या, तरी पुन्हा लावायच्याच. शब्दाला मात्र पक्क्या. केनला पक्ष्यांचं वेड होतं, ते हळूहळू यांनाही लागलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

जानेवारीत तळं गोठलं की सायबेरियाहून आलेले हंस बर्फावरच झोपतात. एका ठरलेल्या दिवशी, उजाडता उजाडता, ते मोजायचे. नियम साधा होता. दोघांनी समोरासमोरच्या काठांवर उभं राहून वेगवेगळं मोजायचं, आकडा शाईनं लिहायचा आणि मगच एकमेकांना दाखवायचा. खाडाखोड चालत नसे. बावीस वर्षं केन देवळाकडच्या काठाला उभा राहिला आणि दुर्गाबाई समोर, तळ्याचं पाणी सोडायच्या दरवाजापाशी.

आणि बावीस वर्षं दुर्गाबाईंचा एक हंस जास्त भरला. केनच्या पाठीमागे, गवताच्या कडेला, एक नेहमी एकटा उभा असायचा. केन कागद बघून म्हणायचा, "हा तुझा पाहुणा," आणि हसून थर्मासमधला चहा ओतायचा. पाहुणा कुठे उभा होता हे त्यानं कधी सांगूच दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात केन गेला. या जानेवारीत लेक ओजस्वी कोबेहून आली ती आईला घेऊन जायचं ठरवूनच. बापाच्या वह्या तिनं वाचल्या होत्या.

"आई, एव्हरी इयर एक एक्स्ट्रा! इट्स नॉट नॉर्मल. तुला भास होतात आणि तू इथे एकटी राहणार?"

"माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग मी पापाच्या जागी उभी राहते. आकडा जुळला तर तू इथे राहा. नाही जुळला तर कोबे. याकुसोकु?"

"याकुसोकु," दुर्गाबाईंनी वचन दिलं. हे घर सुटलं तर केन दुसऱ्यांदा जाईल, असं त्यांना वाटत होतं.

सकाळी वारा पडला होता. बर्फाखालून मधूनच कुणी कण्हल्यासारखा लांब आवाज येई आणि थांबे. दुर्गाबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. ओठांतल्या ओठांत मराठीत मोजायचं आणि अंगठ्यानं हातातला काउंटर दाबायचा, ही त्यांची सवय. एकशे त्रेचाळीस झाले. मग दुर्बीण समोरच्या काठावर आली.

तो होताच. या वेळी गवतापाशी नाही, ओजस्वीच्या लाल टोपीमागे, हातभर अंतरावर. झोपलेला हंस मान पंखात खुपसतो, पण याला मानच दिसत नव्हती. एवढा उंच हंस असतो का, हा प्रश्न बावीस वर्षांत त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. पोरीला हाक मारावी असं मनात आलं. पण हाक मारली की भास कबूल केल्यासारखं, आणि मग कोबे.

अंगठा काउंटरवर होता. त्यांनी तो काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दिसलेला पक्षी सोडला आणि शाईनं लिहिलं, एकशे त्रेचाळीस.

दोघी लाकडी पुलावर भेटल्या. दुर्गाबाई उगाचच थंडीबद्दल बोलत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं. ओजस्वीनं कागद पुढे केला.

एकशे चव्वेचाळीस.

"तुझ्या मागे एक उभा होता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात इंग्रजी नव्हतं, जपानीही नव्हतं. "अगदी खांद्याला लागून. आधी मला वाटलं, तुला माहीत आहे. तू त्याच्याशी बोलत होतीस ना?"

दुर्गाबाईंनी कठडा धरला. खरं लिहिलं असतं तर आकडा जुळला असता. आणि केन! तोही बावीस वर्षं त्यांच्या पाठीशी असाच एक पाहत आला होता, आणि दर वर्षी गाळत आला होता, बायको भिऊ नये म्हणून. त्यानं मायेपोटी गाळला. त्यांनी घरापोटी गाळला, तोही पोटच्या पोरीच्या पाठीमागचा. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आई, तू किती लिहिलेस?"

त्यांनी कागद दाखवला. शब्द म्हणजे शब्द. "मी येते कोबेला. आजच निघू."

"पण तुला तो दिसलाच नाही?"

"तुझ्या मागचा दिसला," असं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. गाडी पुलापलीकडे उभी होती. वाट एकेरी होती, दोन्ही बाजूंना गुडघाभर बर्फ. मागे पुलाची एक फळी करकरली. ओजस्वी वळणार, तोच दुर्गाबाईंनी तिचे खांदे धरून तिला पुढे केलं आणि स्वतः तिच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मागे बघू नकोस, बाळा," त्या म्हणाल्या. "तू चल. तुझ्या मागे मी आहे."