धर्माकाकांच्या गेटचा लोड

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. शहापूरला माझी इलेक्ट्रिकची कामं चालतात. वायर तापली तर कारण असतं, फ्यूज उडाला तर कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं... असा माझा साधा हिशोब. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहितोच.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्याकडे फार्महाऊसचं पेव फुटलं होतं आणि प्रत्येक मालकाला रिमोटवर उघडणारं गेट हवं होतं. असंच एक गेट मी किन्हवलीच्या अलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला बसवलं. रुळावरून सरकणारं लोखंडी गेट. फॅब्रिकेटरने ठरल्यापेक्षा जाड पत्रा मारला, आणि मला ते कळलं मोटर बसवून झाल्यावर!

आता थोडं कामाचं सांगावं लागेल. मोटरच्या डब्यात एक ट्रान्सफॉर्मर असतो. घरातल्या लाइटचा दाब तो मोटरला सोसेल इतका कमी करून देतो. गेट जितकं जड, तितका मोटरवर लोड जास्त, तितका ती करंट जास्त खेचते, आणि ट्रान्सफॉर्मर लहान पडला की तापतो. हा लहानच पडला होता. मी टाँग टेस्टर लावला. हा चिमट्यासारखा मीटर असतो, वायरीभोवती अडकवायचा, किती करंट जातोय ते काटा दाखवतो. काटा लाल पट्टीला टेकला होता.

गेटवर धर्माकाका होते. मूळचे डोळखांबकडच्या पाड्यावरचे. ते आणि जनीकाकी तिथेच खोलीत राहून राखण करत. इतकी वर्षं ते तिथलं जुनं गेट हातानेच ढकलत आलेले. आता मोटर चालू झाली तरी काका उठायचे, गेटला हात लावायचे आणि ढकलत ढकलत त्याच्याबरोबर चालायचे. गंमत म्हणजे त्यांचा हात लागला की माझा काटा सरळ निम्म्यावर उतरायचा.

मी म्हटलं, "अहो काका, मशीन कशाला आणलंय मग? बसा की निवांत."

"एकल्याला जड जातं रे त्याला," काका म्हणाले. "हात लावाया काय जातं?"

मी खूप हसलो. मोठा ट्रान्सफॉर्मर मुंबईहून मागवायचा होता, तोवर काका आहेतच, म्हणून मीही काम लांबणीवर टाकलं.

त्या पावसाळ्यात काका तापाने गेले.

दिवसकार्य झाल्यावर मालकांचा फोन आला, आता गेटचं बघून घे. मी नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो. मनात धाकधूक होती, कारण हात लावणारं कुणी नाही म्हणजे जुना एव्हाना जळालाच असणार. डबा उघडला, बोट लावलं... थंड. टाँग टेस्टर अडकवून रिमोट दाबला. गेट सरसर उघडलं आणि काटा निम्म्यावर. अगदी काका ढकलायचे तेव्हा असायचा तिथेच.

मी काय काय नाही तपासलं! रूळ पाहिला, चाकं पाहिली. उतार म्हणावा, तर उघडताना हलकं जाणारं गेट बंद होताना जड जायला हवं. तेही हलकंच. मीटर खराब म्हणून शेतावरच्या पंपाला लावून पाहिला, तिथे बरोबर दाखवत होता. भर दुपारी, लख्ख उन्हात मी डोक्याला हात लावून बसलो.

जनीकाकी खोलीच्या दारातून हे सगळं बघत होती. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाइट गेली. मी शेवटचा म्हणून रिमोट दाबला होता, ते गेट अर्ध्यातच अडकलं. काकीने किल्ली आणली, मोटरचा खटका सोडवला. लाइट नसली की गेट असं सुटं करून हाताने ढकलावं लागतं, आणि ते गेट ढकलायला दोन गडी लागत. ही बाई वाळून काडी झालेली. तिने एक तळवा टेकवला आणि गेट निघालं. ती रमतगमत त्याच्याबरोबर चालली होती आणि चेहरा असा, की मला बघायला संकोच वाटला.

मीही उठून हात लावला. एवढंच सांगतो, मला जोर लावावा लागला नाही. मी हात झटकन मागे घेतला.

"भिऊ नको रे," काकी म्हणाली. "लाइट गेली का लोकं शिव्या घालतात. मी वाट बघते. दिसत नाय, बोलत नाय... पन बाजूला हायत ते कळतं. लई आठवन येते रे त्यांची. तेवढंच चालनं व्हतं संगती."

मी नवा ट्रान्सफॉर्मर तसाच परत नेला. मालकांना सांगितलं, जुना चालतोय.

पुढे त्यांनी ती जागा विकायला काढली. काकीची मुलगी कसाऱ्याला दिलेली, जावई रेल्वेत. ते काकीला न्यायला आले तर ही हटून बसली. मालकांनी मलाच समजूत घालायला बोलावलं. तेव्हा काकीने मला बाजूला घेतलं.

"मी जाईन. मला जायाचं दुख नाय," ती म्हणाली. "पन ह्ये इथंच ऱ्हायले तं? गेट ढकलत बसतील नि मी कुठं गेले ते त्यांना कोन सांगनार?"

मग तिनेच उपाय सांगितला, "मी गेल्यावर तू येऊन मीटर लाव. काटा खालीच ऱ्हायला तं मला सांग. मी परत येईन. कोनी घेवो ना जागा, बाहेर झाडाखाली ऱ्हाईन."

निघताना तिने गेटवर हात ठेवला आणि चारचौघांसमोर मोठ्याने म्हणाली, "चला आता. पोरीकडं चाललो आपन." जावई कानकोंडा झाला.

दुसऱ्या आठवड्यात मी गेलो. डबा उघडला, टाँग टेस्टर अडकवला. आयुष्यात पहिल्यांदा मीटरवर काय दिसावं याची मला पर्वा होती. रिमोट दाबला. मोटर कण्हली, काटा चढत चढत लाल पट्टीला टेकला, आणि थोड्या वेळात ट्रान्सफॉर्मरला हात लावणं मुश्किल झालं. खटका सोडवून मी खांदा लावून ढकललं, तर गेट जागचं हलेना. घामाघूम झालो आणि एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो.

तसाच कसाऱ्याला गेलो. काकी मुलीच्या घराबाहेर बाकावर बसली होती. मला पाहून ती नुसती तोंडाकडे बघत राहिली.

"काकी, गेट जड झालं," मी म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसले. मग मुलीला चहा टाकायला सांगितला.

आज इतक्या वर्षांनंतरही माझ्याकडे याचं कारण नाही. शोधायचं मात्र मी सोडून दिलं. त्या दिवशी बाकावर काकीच्या उजव्या हाताला ऐसपैस जागा होती, म्हणून मी तिथे टेकायला गेलो, तर तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली,

"तिथं नको रे. तू ह्या बाजूला बस."