सरावातली मुलगी

आमच्या वर्गात कुणाला नावाने हाक मारत नाहीत. तसा काही नियम नाही, पडली सवय. बँकेत कॅशियर होते ते साहेब, टॅक्सी चालवतो तो टॅक्सी, मी पडदे शिवते म्हणून पडदेवाली. आणि ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते कवळीवाले. लोकांच्या दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. शिकवतात त्या बाई. वयाने आमच्या पोरीबाळींएवढ्या आहेत, पण फळ्यासमोर उभी राहून शिकवते ती बाईच, त्याला इलाज नाही.

वर्ग भरतो दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दर बुधवारी संध्याकाळी. व्यसनातून उठलेल्या माणसांचा वर्ग. इथे उपदेश करत नाहीत, शिकवतात. बाई फळ्यावर मेंदू काढतात, तो दिसतो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, आणि दारू त्यात कुठे घर करते ते लाल खडूने दाखवतात. मग एकेकाने आपापलं बोलायचं. माझ्या गोळ्या होत्या. मशीनवर वाकून वाकून कंबर गेली, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. बाकी बहुतेक बाटलीवाले. टॅक्सीला वाटायचं, गोळ्या म्हणजे घरंदाज व्यसन. डोंबलाचं घरंदाज! गोळ्या मिळाल्या नाहीत की मी गिऱ्हाइकांचे पडदे उभे फाडलेत.

कवळीवाले साठीच्या पुढचे, उंच आणि वाकलेले. नखांत कायम प्लास्टर. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे त्यांचं उभं आयुष्य गेलं. पुढे पेशंट यायचा, डॉक्टर त्याच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि तो साचा मागे यायचा. ते म्हणायचे, "माझ्याकडे तोंड येतं, माणूस येत नाही." एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. एक म्हातारे गृहस्थ कंडक्टरशी तावातावाने भांडत होते. कवळीवाले माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वरची कवळी माझी आहे. बघा, एवढं ओरडतायत तरी हलत नाही." चेहरा असा फुलला होता, जणू पोराचा पहिला नंबर आलाय. त्या गृहस्थांनी मात्र जाताना आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. का पाहावं? या गावात शेकडो लोक त्यांच्या दातांनी जेवतात आणि त्यांना ओळखत एकही नाही. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं, आणि मग माझंही वाटलं, कारण मी शिवलेल्या पडद्यांमागेही लोक राहतातच की.

तल्लफ कशाने येते हा धडा होता तेव्हा प्रत्येकाला विचारलं. साहेब म्हणाले शनिवार. टॅक्सी म्हणाला सासरा, आणि सगळे हसले. कवळीवाले म्हणाले, "दिवा." मेण वितळवायला त्यांच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा असायचा. सकाळी पेटवायचा, संध्याकाळी विझवायचा, आणि विझवला की त्या वासाने पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. बाईंनी सुचवलं म्हणून त्यांनी गॅसची शेगडी घेतली. खरंच फरक पडला. असं काही जमलं की आमच्या बाई खडू हातात धरून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवतात.

पण सगळंच काही शेगडीने सुटत नाही. बाईंनी एकदा चार शत्रू शिकवले. तल्लफ आली की आधी स्वतःला विचारायचं: भुकेला आहे का, चिडलोय का, एकटा आहे का, दमलोय का. कवळीवाल्यांनी हात वर केला. "भूक लागली तर जेवतो. दमलो तर झोपतो. राग मला येतच नाही. तिसऱ्याचं काय करायचं?"

"कुणाला तरी फोन करायचा," बाई म्हणाल्या.

"कुणाला?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. बाई हातातला खडू नुसताच फिरवत राहिल्या.

त्यांना एक मुलगी होती. म्हणजे आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. आई गेल्यापासून ती बापाशी बोलत नव्हती. का, ते त्यांनी एका बुधवारी सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. बायकोचे दात आजारपणात पडले. तिने यांच्याकडेच कवळी मागितली, दुसऱ्या कुणाकडे मागणार? हे म्हणायचे, या आठवड्यात करतो. संध्याकाळी डोकं ताळ्यावर नसायचं आणि दिवसा गिऱ्हाइकांचं काम. मापसुद्धा घेतलं नाही. दोन वर्षं ती बाई भात कालवून गिळायची, हसताना तोंडावर हात धरायची, आणि पुढे पुढे हसायचीच बंद झाली. मुलीने बापापुढे दातांच्या कण्या केल्या. मग ती बाई वारली, तशीच. "आख्ख्या गावाला दात दिले," ते म्हणाले आणि नखांतलं प्लास्टर कोरत बसले.

माझं तोंड फटकळ आहे, कुणालाही फाडकन बोलते. त्या दिवशी माझीही दातखीळ बसली. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा मला संताप आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. दोन्ही एकदम.

आमच्याकडे वर्षातून एकदा घरच्यांना वर्गात बोलावतात. मुलीने येईन म्हणून कळवलं. एकदाच येईन, ऐकून घेईन, मग बघू, असं. एवढीच संधी होती, आणि ती गेली तर पोरगी जन्मात तोंड दाखवणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आता आमच्यात सरावाची पद्धत आहे. कुणाला नाही म्हणायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, तर आधी वर्गात करून बघायचं. खिडकीजवळची खुर्ची घरच्या माणसाची. तिच्यावर आमच्यातलाच एकजण बसतो आणि सोंग घेतो. टॅक्सीच्या वेळी साहेब त्याचे सासरे झाले होते, आणि इतके रंगले की खरोखर भांडण लागलं. कवळीवाल्यांची मुलगी व्हायला मला बसवलं. मला म्हणाल्या बाई, "सोपं करू नका त्यांना." मी म्हटलं, सोपं करणं माझ्या रक्तातच नाही.

पहिल्या बुधवारी ते समोर बसले आणि गुडघ्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या बुधवारी "मी चुकलो, पण दारू अशी असते की" इथवर आले. बाईंनी अडवलं. माफी मागताना सबब जोडायची नाही, हा त्यांचा धडा. हळूहळू शब्द येऊ लागले. मी म्हणायची, "ऐकतेय मी, बाबा." ते म्हणायचे, "बाळा, तुझ्या आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली." मग सगळं सांगायचे, न लपवता, माझ्या डोळ्यांत बघून. मी विचारायची, आधी ठरवलेलं, "आता का सांगताय?" ते म्हणायचे, "आता शुद्धीत आहे म्हणून." टॅक्सीसारखा टग्या माणूस खिशातून रुमाल काढायचा.

खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. मला मूल नाही. नवरा आहे, पण तो टीव्हीशी जास्त बोलतो. पन्नाशीच्या बाईला कोण बाळा म्हणणार? बुधवारी मी बरी साडी नेसायला लागले. त्यांच्यासाठी नव्हे हो, लगेच भलतं काही मनात आणू नका. त्या खुर्चीसाठी. तिथे बसलं की आपल्यापाशी कुणीतरी मनापासून काही मागतंय असं वाटायचं. आणि त्यांनाही त्या खुर्चीपुढे बसल्यावर आठवड्याचा एकटेपणा उतरल्यासारखं होत असावं. वर्ग संपला तरी ते लवकर उठायचे नाहीत.

घरच्यांचा दिवस आला. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मुलगी आली ती सरळ दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिशीतली, बापासारखीच उंच. मी माझ्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळ. तिथे बसू नये हे मला सुचलं नाही, आणि बाईंनाही नाही. माझ्यासमोरची खुर्ची कवळीवाल्यांची, तिथे ते बसले.

बाई म्हणाल्या, "कवळीवाले, तुम्हाला काही सांगायचंय ना?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. ते घाबरले, सरळच घाबरले, आणि घाबरलेला माणूस ओळखीच्या जागी पळतो तसे माझ्याकडे वळले. "बाळा," ते म्हणाले, "तुझ्या आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली." सगळं बोलले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज भरून आला, डोळे वाहायला लागले, आणि नजर पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांत. मी मान वळवायला हवी होती. मला वाटलं मी हलले तर ते मध्येच तुटतील. ते थांबले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकतेय मी, बाबा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. कवळीवाल्यांना काय झालं ते तेव्हा कळलं. चेहरा पांढराफटक पडला.

मुलगी उठली. मला वाटलं आता माझ्या झिंज्या धरते. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला हे किती वेळा सांगितलंय त्यांनी?"

"बरेच बुधवार," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मला एकदाही नाही," ती म्हणाली आणि निघाली.

बाई म्हणाल्या, "जा, जा तुम्ही मागे." कवळीवाले धडपडत जिना उतरले. मी खिडकीशीच होते, मला सगळं दिसत होतं. मी बघू नये असं मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी बघितलंच असतं. मुलगी समोरच्या बसस्टॉपवर उभी होती. ते तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. मग त्यांचे ओठ हलायला लागले. पाठ केलेलं नव्हतं ते, कारण मध्येमध्ये अडखळत होते, हातवारे करत होते, आणि या वेळी तिच्याकडे बघून बोलत होते. ती ऐकत होती. पर्सचा पट्टा तिने सोडला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, थांब, बस आली तरी जाऊ नकोस. बस आली. ती काहीतरी बोलली, थोडंसंच, त्यांच्या बाहीवरची प्लास्टरची पूड झटकली आणि चढली.

ते वर आले. वर्ग अजून चालू होता, दुसऱ्या कुणाची बायको बोलत होती, ती गप्प झाली. कवळीवाले आपल्या खुर्चीवर बसले, पण ती त्यांनी आधी माझ्यासमोरून बाजूला सरकवली. मला ते टोचलं. चूक नव्हतंच, तरी टोचलं.

"बोललात?" बाईंनी विचारलं.

"बोललो. तिच्याकडे बघून."

"मग?"

"रागावली नाही," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "म्हणाली, बाबा, त्या खिडकीजवळच्या बाईंवर मी चिडले ते उगाच. त्या माझ्या जागी बसल्या, तशी मीसुद्धा आईच्या जागी बसलेय ना. आईने द्यायची माफी मी कशी देऊ?"

टॅक्सीने नाक ओढलं. बाईंच्या हातात खडू होता आणि पाठीमागे फळा कोरा होता. कवळीवाले आमच्यातल्या एकेकाकडे बघत गेले, साहेब, टॅक्सी, मी, आणि शेवटी बाई.

"आता मी कुणाकडे बघून बोलू?" त्यांनी विचारलं.